घरचा डान्स पोल निघत नाहीये? जोर लावण्याआधी ताण कुठे अडकलाय ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: छत आणि जमीन यांच्यामध्ये दाबावर बसणारा, 45 मिमीचा, क्रोमचा, तीन तुकड्यांचा पोल दीड वर्ष एकाच जागी उभा आहे. आता घर बदलायचंय, तेही तिसऱ्या दिवशी. पायाकडचा भाग फिरत नाही आणि मधला जोड सुटत नाही. डब्ल्यूडी-40 हा तेलकट फवारा मारून झाला, पकडीने पिळून झालं, नळीवर पकडीचे दात उमटले. घरातल्या कुणीतरी ग्राइंडर आणायची भाषा सुरू केली आहे.

ग्राइंडर तूर्त विसरा. दाबाखाली उभी असलेली नळी कापायला घेतली तर अर्ध्यात गेल्यावर ती बसते आणि पातं तिच्यात चिमटतं. पुढे काय होतं ते सांगायची गरज नाही.

मी बारा वर्षं पोल शिकवते. तेवढीच वर्षं स्वतःचे आणि विद्यार्थ्यांचे पोल लावते-काढते. एवढ्या काळात ‘अडकलाय’ म्हणून दाखवलेल्या पोलपैकी खरोखर गंजून एकजीव झालेले अगदी मोजके निघाले. बाकीच्यांत एकच भानगड होती. पोलवर कुठेतरी ताण शिल्लक होता आणि माणूस भलत्याच ठिकाणी झटत होता. तुमच्या वर्णनावरून मला तुमचाही तोच प्रकार वाटतो. तुम्ही पाया आणि जोड दोन्हींवर आलटून पालटून जोर लावलाय. पाया सैल होत नाही तोवर जोडाला हातच लावायचा नाही. अख्खा पोल छत आणि फरशीत दाबला गेलेला असताना जोडाच्या आत जो तुकडा आहे तो दोन्ही नळ्यांत आवळून बसलेला असतो. त्याचा स्क्रू काढायला गेलात तर स्क्रू वाकतो किंवा त्याचं षटकोनी डोकं गोल होतं. मी सुरुवातीला एकदा हेच केलं होतं. स्क्रू नळीच्या आतच तुटला आणि तो पोल पुढे दोन वर्षं एका कोपऱ्यात एक-तुकडी पडून राहिला.

तर आधी पाया.

पायाकडे गुडघ्यावर बसा. झाकण किंवा कॉलर असेल तर वर सरकवा म्हणजे आटे दिसतील. आता एक मऊ पेन्सिल घ्या आणि फिरणाऱ्या भागावरून न फिरणाऱ्या भागावर जाणारी एक सरळ उभी रेघ मारा. दिसणाऱ्या आट्यांची लांबी पट्टीने मोजून लिहून ठेवा. हे बालिश वाटेल, पण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळ याच दोन मिनिटांनी वाचतो. आपण वाकून वरून बघतो तेव्हा जी दिशा सैल करायची वाटते ती खालून बघितल्यावर उलटी असते. त्यात काही पोलमध्ये नळी फिरवायची असते आणि काहींमध्ये खालची रिंग, त्यामुळे ‘डावीकडे म्हणजे सैल’ हा नियम डोक्यात धरून चालत नाही. सैल होतंय याची खूण एकच: पोलची एकूण उंची कमी व्हायला हवी. बहुतेक बनावटींत याचा अर्थ बाहेर दिसणारे आटे कमी होत जातात. ते वाढत असतील तर तुम्ही घट्ट करताय.

माझ्या एका विद्यार्थिनीने आणि तिच्या भावाने एका रविवारी असाच तासभर पोल ‘काढला’. मी पोचले तेव्हा छतावरच्या चकतीभोवती रंगाला गोल तडा गेला होता आणि पोल गिटारच्या तारेसारखा ताणलेला. एका स्क्रूत किती ताकद असते याचा अंदाज आपल्याला नसतो. समजा आट्यांचं अंतर 2 मिमी आहे आणि हातातला पाना 15 सेंमी लांबीचा. एका पूर्ण फेऱ्यात तुमचा हात साधारण 94 सेंमी फिरतो आणि स्क्रू सरकतो फक्त 2 मिमी. कागदावर ही ताकद जवळपास 470 पट होते. घर्षणात बहुतेक जाते हे धरून दहावा भागच उरला असं म्हटलं तरी हाताचा 10 किलोचा रेटा छतावर साडेचारशे किलोच्या वर जातो. फॉल्स सीलिंगच्या बोर्डाचं त्यापुढे काय चालणार? आणि म्हणूनच, जो पोल एवढ्या दाबाने बसवला गेलाय तो निव्वळ मनगटाने सुटत नाही यात तुमचं काही चुकलेलं नाही.

रेघ मारून झाली की पोल स्पिनवर (नळी मोकळी फिरणारी) आहे की स्टॅटिकवर (नळी लॉक केलेली) ते बघा. हे कोणी विचारत नाही आणि इथेच गाडी अडते. पोल स्पिनवर असेल तर तुम्ही नळीला दिलेला पीळ बेअरिंग खाऊन टाकतं. नळी गोल फिरत राहते, आट्यांपर्यंत काहीच पोचत नाही. ‘फिरतोय पण सुटत नाही’ अशी तक्रार आली की मी पहिला प्रश्न हाच विचारते. लॉक करायचे छोटे स्क्रू आत घट्ट करा, पोल स्टॅटिकवर आणा, मगच पुढे जा.

आता पाने. दोन लागतात, एक नाही. एक वरच्या भागावर, दुसरा खालच्या. दोन्हींचे दांडे कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांपासून थोड्या अंतरावर ठेवा, एका हाताच्या पंज्यात दोन्ही येतील इतके जवळ, आणि पंजा मिटून ते एकमेकांकडे आणा. एका पान्याने नुसतं ओढलं तर अर्धा पीळ वर नळीत जातो, तिथून जोडात जातो आणि जोड आणखी आवळतो. दोन पान्यांमध्ये चिमटल्यावर सगळा जोर त्या आट्यांवरच पडतो. पोलसोबत आलेले पाने हरवले असतील तर रबरी पट्ट्याचा पाना वापरा, तेलाच्या फिल्टरला वापरतात तो. नळीवर त्याखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा. पकड आणि पाइप-पाना मात्र परत त्या नळीला लावू नका. जिथे दात उमटलेत तिथे क्रोमचा थर फाटलाय. त्याच्या कडेला बोट फिरवून बघा, खरखरीत लागत असेल तर पुढे मांडीचं कातडं तिथे सोललं जाणार आहे. शिवाय क्रोमच्या खाली साधारणपणे निकेलचा थर असतो. निकेलची ॲलर्जी असलेल्या माणसाला तो उघडा पडलेला सहन होत नाही.

पाने लावून एक प्रामाणिक प्रयत्न केला आणि रेघ हलली नाही, तर मग आट्यांत गंज किंवा वाळलेला घाम-खडू आहे असं धरा. घाम खारट असतो, तो नळीवरून ओघळून नेमका पायाच्या कॉलरमध्ये साचतो. हात घसरू नयेत म्हणून लावतात तो खडू म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, तो स्वतः काही गंजवत नाही, पण ओल धरून ठेवतो. दीड वर्षात तिथे एक राखाडी पेस्ट तयार झालेली असते. स्टेनलेस स्टीलचे आटे असतील तर आणखी एक प्रकार होतो. दाबाखाली फिरताना धातूवरचा संरक्षक पातळ थर खरवडला जातो आणि दोन उघडे पृष्ठभाग एकमेकांना अक्षरशः चिकटतात. तिथे घाईने जोर लावणं म्हणजे कबर खोदणं. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असं सावकाश खेळवावं लागतं.

तेल आट्यांवर मारा, नळीवर नाही. खाली जुनं फडकं गुंडाळा म्हणजे ओघळ फरशीवर जाणार नाही. डब्ल्यूडी-40 तुम्ही मारलं आणि लगेच पिळायला घेतलंत, बरोबर? त्याच्या नावातच ‘पाणी हटवणारं, चाळिसावा प्रयत्न’ असा अर्थ दडलाय. 1953 साली ते गंज आणि ओल दूर ठेवायला बनवलं गेलं. गंजलेल्या आट्यांत ते शिरतं, पण त्याला वेळ लागतो. त्यापेक्षा मुद्दाम गंजलेले स्क्रू सोडवायला मिळणारं पातळ तेल घ्या, रात्री मारा, झोपण्याआधी एकदा पुन्हा मारा, सकाळी हात लावा. मधल्या वेळात कॉलरच्या भोवती रबरी हातोड्याने हलके ठोके द्या. जोरात एक नको, हलके तीस-चाळीस हवेत. त्या थरथरीने तेल आत उतरतं.

तिसऱ्या दिवशी घर सोडायचंय म्हणून सांगते, यातली रात्र वाया गेली असं समजू नका. दोन तासांच्या ओढाताणीपेक्षा रात्रभर मुरलेलं तेल नेहमी पुढे असतं.

तरीही हलला नाही तर घराची जमीन कशी आहे त्यावर ठरतं. जमीन लाकडी फळ्यांची असेल तर दोन वजनदार माणसांना पायाच्या अगदी लगत, दोन्ही बाजूंना उभं करा. जमीन केसभर खाली बसते, आट्यांवरचा भार उतरतो आणि पाना आश्चर्य वाटावं इतक्या सहज फिरतो. काँक्रीटच्या स्लॅबवर ही युक्ती चालत नाही, तिथे दहा माणसं उभी केली तरी काही वाकत नाही. काही जण शेजारी टेकू लावून छत ‘उचलायचा’ सल्ला देतात. काँक्रीटमध्ये तो निरुपयोगी आणि फॉल्स सीलिंगमध्ये नुकसानीचा, म्हणून मी देत नाही. स्लॅबवर माझा शेवटचा उपाय वेगळा आहे: पायाखालचं रबर बळी द्या. धारदार पातं घेऊन पायाच्या कडेने ते गोल फिरत थोडं थोडं कापून काढायचं. ते दोन-तीन मिलिमीटरचं रबरच सगळा दाब झेलत असतं. निम्मं गेलं की पोल एकदम सैल होतो. एकदम, म्हणून दुसऱ्या माणसाने पोल आधीपासून दोन्ही हातांनी धरलेला असायला हवा, आणि कापणाऱ्याची बोटं पायाखाली नकोत. नवं रबर मिळतं. नवी नळी मिळायला वेळही लागतो आणि पैसेही.

पाया सुटला की घाई करू नका. वरची चकती रंगाला चिकटलेली असू शकते. रबरातली मऊपणा आणणारी द्रव्यं महिनोन्महिने रंगात उतरतात आणि रंग चिकट होतो. पोल खाली आला आणि चकती वरच राहिली असं दिसलं तर ती ओढू नका, रंगाचा पापुद्रा सोबत येईल. कडेला पात्याने एक गोल चीर द्या आणि मग मासे पकडायचा नायलॉन दोरा किंवा दात साफ करायचा जाड दोरा चकतीच्या मागून करवतीसारखा मागे-पुढे ओढा. चकती झेलायला खाली कुणाला तरी उभं करा. पूर्ण पोल पंधरा-वीस किलोंच्या घरात असतो, वरची चकती एकटीही पायाच्या बोटावर पडली तर पुरे.

एक खात्री मात्र आधीच करा: चकतीत छताला मारलेले स्क्रू आहेत का? असतील तर तुमचा पोल दाबाचा नाहीच, कायमचा आहे. तो पायापासून नव्हे, वरच्या बाहीपासून, म्हणजे चकतीकडे नळी ज्यात बसते त्या भागापासून, सुटतो.

आता जोड. पोल काढून जमिनीवर आडवा ठेवा, खाली चादर. उभ्या पोलवर जोडाशी झटू नका.

तीन तुकड्यांच्या पोलमध्ये सहसा दोन तऱ्हा असतात. एकात नळीच्या टोकाला आटे असतात आणि नळ्या एकमेकींत फिरवून बसवतात. दुसऱ्यात नळ्यांच्या आत एक वेगळा तुकडा असतो आणि बाहेरच्या छोट्या भोकातून ॲलन की (षटकोनी दांडीची चावी) घालून स्क्रू आवळला की तो आतल्या आत फुगून दोन्ही नळ्या धरतो. नळीवर जोडाजवळ भोकं असतील तर तुमचा दुसरा प्रकार, आणि मला तोच असेल असं वाटतं.

इथे लोक काय करतात? स्क्रू सैल करतात, नळ्या ओढतात, निघत नाहीत म्हणून स्क्रू आणखी सैल करतात. शेवटी आतली नट सुटून नळीत खुळखुळते, आणि जोड तसाच. कारण तो तुकडा म्हणजे पाचर आहे. दारात पाचर ठोकली आणि हातोडा बाजूला ठेवला म्हणून पाचर निघत नाही, तिला उलट्या बाजूने ठोका द्यावा लागतो. तेच इथे. स्क्रू फक्त दोन-तीन फेरे सैल करा. ॲलन की त्यातच राहू द्या, नीट खोलवर बसलीय याची खात्री करा आणि कीच्या बाहेरच्या टोकावर छोट्या हातोडीने दोन-तीन टिचक्या मारा. सैल झालेला स्क्रू तेवढा आत जातो आणि पाचरीला मागे ढकलतो. आतून एक बारीक ‘टक्’ ऐकू येतो. तो ऐकला की समजा काम झालं. दोन्ही बाजूंचे स्क्रू असतील तर दोन्हींना हेच, आणि मगच नळ्या वेगळ्या करा. सरळ ओढू नका, एका नळीला एका बाजूला आणि दुसरीला विरुद्ध बाजूला पीळ देत ओढा. हातात रबरी हातमोजे असू द्या, क्रोमवर कोरडा हात घसरतो.

ॲलन कीबद्दल एक गोष्ट. मिलिमीटरची की आणि इंचाची की दिसायला सारखी असते. 4 मिमीच्या जागी 5/32 इंचाची चालून जाते, ती 3.97 मिमी भरते. पण 5 मिमीच्या खाचेत 3/16 इंचाची घातलीत तर ती 4.76 मिमी, म्हणजे सैल, आणि पहिल्याच जोरात खाच गोल होते. टोकाला गोळी असलेली की सुद्धा जाम स्क्रूवर नको, तिची पकड कमी असते. खाच आधीच गोल झाली असेल तर थोडी मोठी, चांदणीच्या आकाराची टॉर्क्स बिट हातोडीने ठोकून बसवा आणि सावकाश फिरवा. तेही नाही जमलं तर स्क्रूचं डोकं ड्रिलने उडवावं लागतं. ते काम माहितगाराला द्या, आणि त्याला सांगा की जोड गेला तरी चालेल, नळी वाचली पाहिजे.

पाचर सुटली तरी नळ्या चिकटलेल्याच असतील तर उष्णता. केस सुकवायचा ड्रायर पुरतो. रंग काढायची हीटगन नको, आत प्लास्टिकचे भाग असू शकतात. बाहेरच्या नळीवर, जोडाभोवती गोल फिरवत दोन-तीन मिनिटं. 45 मिमीची पोलादी नळी 50 अंश सेल्सिअसने तापली तर तिचा व्यास साधारण 0.027 मिमी वाढतो. ऐकायला काहीच नाही, पण घट्ट बसलेल्या दोन धातूंमध्ये एवढंच अंतर निर्णायक असतं. आतला तुकडाही हळूहळू तापतो आणि फुगतो, म्हणून वेळ न घालवता, ड्रायर बाजूला होताच लगेच पीळ द्यायचा. जोड ॲल्युमिनियमचा असेल तर तो पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतो, त्यामुळे ‘जास्त तापवलं तर जास्त सुटेल’ हा हिशोब इथे उलटा पडतो. तापवून घट्ट झाला असं वाटलं तर पूर्ण थंड होऊ द्या आणि पुन्हा, या वेळी कमी वेळ. आणि नुकतंच तेल मारलेल्या जागी ड्रायर धरू नका, ती वाफ पेट घेऊ शकते. तेल आणि उष्णता एकाच दिवशी करायचीच असेल तर उष्णता आधी.

आट्यांच्या नळ्या असतील तर दोन पट्टा-पाने, जोडाच्या दोन्ही बाजूंना, जितके जवळ तितकं चांगलं. एकाच दिशेला खूप नाचलात तर अशा नळ्या आपोआप आवळल्या जाऊ शकतात. काही जणांच्या त्या आवडत्या बाजूमुळेच जोड जाम झालेले मी पाहिलेत.

स्पिन-स्टॅटिकचे स्क्रू हलत नसतील तर त्यांनाही तेल आणि रात्र. पण थेंबाने, काडीच्या टोकाने. फवारा मारलात तर तेल बेअरिंगमध्ये जाऊन आतलं ग्रीस धुऊन टाकतं आणि पुढे पोल कुरकुरायला लागतो.

सगळं सुटल्यावर आटे जुन्या टूथब्रशने साफ करा आणि त्यांना पातळसं ग्रीस लावा. नळ्या आतून कोरड्या पुसा. बाहेरून मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन वेळा, स्वच्छ फडक्याने, आणि मग कोरड्या पांढऱ्या फडक्याने, ते काळं पडायचं थांबेपर्यंत. नव्या घरी तेलाचा अंश राहिलेल्या पोलवर पहिल्याच उलट्या लटकण्यात हात सुटतो. पकडीचे दात उमटलेला तुकडा सगळ्यात वर बसवता येतो का बघा. नाही जमत असेल तर तो तुकडा बदला. खडबडीत क्रोमवर पॉलिश कागद घासून ते ‘सपाट’ करायचा मोह होईल, पण त्याने भोवतालचं चांगलं क्रोमही जातं.

स्क्रू एका छोट्या पिशवीत घाला, ॲलन की त्याच पिशवीत, आणि ती पिशवी वरच्या चकतीला चिकटपट्टीने बांधा. पायाच्या कॉलरवर मारलेली पेन्सिलची रेघ पुसू नका. नव्या छताची उंची वेगळी असली तरी सैल करायची दिशा कुठली हे ती रेघच सांगेल. शेजारी मार्करने एक बाण काढून ठेवलात तर आणखी बरं.